नाताळची सुट्टी होती, नाताळ नव्हता

प्रिय चिऊ,

काल झोपताना तू विचारलंस, "बाबा, तू लहान असताना तुमच्याकडे ख्रिसमस नव्हता, मग तुम्ही सगळे एकत्र कधी यायचात? आणि मी बाळ होते तेव्हा तू ख्रिसमसला गप्प गप्प का असायचास? आई सांगत होती." मी "झोप आता" म्हणून दिवा घालवला. ते काही उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र. जोडाक्षरं अडली तर आईला विचार.

आधी एक दुरुस्ती. शाळेच्या वहीत "मराठी लोकांत ख्रिसमस नसतो" असं लिहिलं असशील तर ते खोड. वसईकडच्या ख्रिस्ती घरांतून तो पिढ्यानपिढ्या आहे, आणि तो मराठी बोलणाऱ्यांचाच आहे. 'नाताळ' हा आपला शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून आलेला. आमच्या घरात नव्हता, एवढंच. चिपळूणला आमच्या शाळेला नाताळची सुट्टी मिळायची आणि आम्ही ती क्रिकेटमध्ये उडवायचो. सुट्टी होती, नाताळ नव्हता. त्याचं वाईटबिईट काही वाटायचं नाही. जी गोष्ट कधी चाखलीच नाही तिची आठवण कुठून येणार?

एकत्र यायचो ते गणपतीत. कोकणात दिवाळी धाकटी, गणपती थोरला. मुंबईहून काका, आत्या, त्यांची मुलं, बोचकी, खोके, सगळं घरात येऊन पडायचं. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. तोवर बहुतेक चाकरमानी एसटीनेच यायचे, रात्रभर बसून, कशेडी घाट ओलांडून. त्या जादा गाड्यांपैकी एकीच्या स्टिअरिंगवर तुझे आजोबा असायचे. त्यांच्या गाडीने पन्नास घरं भरायची आणि आमच्या घरचा माणूस चतुर्थीला घरात नसायचा. मला त्याचा राग यायचा, तो मी लपवायचो. माझी आई लपवायची नाही. मोदकांची उकड मळताना जरा जास्तच जोर लावायची.

पूजेला काका बसायचे. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगतात, माटवी, तिला आंब्याचे टाळे, तेरडा आणि लालभडक कवंडळं बांधायचं काम माझं. मी ते मन लावून करायचो, पण कान रस्त्याकडे. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, भलत्याच वेळी, अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, उगवायचे. खाकी शर्ट पाठीला चिकटलेला, अंगाला डिझेलचा वास, डोळे तांबारलेले. आई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ते पाय धुवायचे, आंघोळ करायचे आणि मग आरती पुन्हा व्हायची. सकाळची झालेली असो, संध्याकाळची झालेली असो. काका कुरकुरत झांजा शोधायचे, वाडीतली पोरं पुन्हा गोळा व्हायची (प्रसादासाठी, दुसरं काय). एकदा तर रात्री साडेदहाला झाली. शेजारच्या म्हातारबुवांनी झोपेतून उठून ओटीवर येऊन टाळ्या धरल्या होत्या. आमचा गणपती चतुर्थीला यायचा खरा, पण माझा त्या दुसऱ्या आरतीला बसायचा.

हे डोक्यात घेऊन मी इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला आलो. पहिल्या डिसेंबरात ऑफिसातल्या एकाने २५ तारखेला घरी जेवायला बोलावलं. चांगली माणसं होती, पण माझी फजिती ऐक. जेवणाआधी ते लांबट कागदी फटाके दोन टोकांना धरून ओढले, त्यातून कागदी मुकुट निघाला, सगळ्यांनी घातला म्हणून मीही घातला. तो काढायचा कधी हे कोणी सांगितलं नाही. मी तो घालून घरापर्यंत चालत आलो. रस्त्यात कुत्रं फिरवणारा एक माणूस माझ्याकडे बघून हसला, तेव्हा कळलं. आणि भेटवस्तू! आपल्याकडे आहेर मिळाला की बाजूला ठेवतात, पाहुण्यांसमोर उघडून बघणं म्हणजे हावरटपणा. मी माझं पुडकं नीट खुर्चीखाली सरकवलं आणि त्यांचे आभार मानले. सगळे माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या आजींनी मला आवडलं नाही असं समजून माफी मागितली. मोजे होते, लोकरीचे, अजून वापरतो.

मग तुझी आई आली, मग तू. तुझ्यासाठी झाड आणलं, दिवे लावले, सगळं तारखेबरहुकूम. आणि मी सोफ्यावर बसून राहायचो. आईला वाटायचं मला भारताची आठवण येते. थोडी यायचीही. पण खरी गोष्ट मला स्वतःलाच उमगली नव्हती: दिवस आला होता, पण दारातून कोणी यायचं नव्हतं. मी कान देऊन बसलो होतो, इतकंच.

तू दोन वर्षांची असताना वरच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात मला अडवलं. "ख्रिसमस कसा गेला?" मी म्हटलं, "बरा. आमच्यात लहानपणी नसायचा, त्यामुळे जमत नाही." त्या म्हणाल्या, "माझ्याही." मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या खरंच म्हणत होत्या. त्यांचे वडील क्लाइड नदीकाठच्या गोदीत कामाला होते आणि २५ डिसेंबरला रोजच्यासारखा डबा घेऊन कामावर जायचे. स्कॉटलंडच्या संसदेने १६४० साली नाताळची सुट्टीच कायद्याने बंद केली होती. बायबलात हा सण करा असं कुठे सांगितलेलं नाही, असं इथल्या चर्चचं म्हणणं. कायदा पुढे उठला, सवय राहिली. नाताळ इथे सरकारी सुट्टी झाला तो थेट १९५८ साली, आणि दुसऱ्या दिवसाची, २६ तारखेची सुट्टी मिळाली १९७४ मध्ये. म्हणजे ज्या सणापुढे मी इतकी वर्षं परक्यासारखा बसलो होतो, तो आजींनाही मोठेपणीच शिकावा लागला होता. "पहिली काही वर्षं आम्हीही नुसतेच बसायचो एकमेकांकडे बघत," त्या म्हणाल्या.

त्यांचा खरा सण ३१ डिसेंबरचा, हॉगमनी. आदल्या दिवशी त्यांची आई घर झाडून काढायची, चुलीतली राख बाहेर टाकायची, उधारी फेडायची. मला दिवाळीआधीची आमची आई दिसायला लागली, हातात केरसुणी आणि तोंडाचा पट्टा चालू. आणि मध्यरात्रीचे ठोके पडल्यावर जो माणूस पहिला उंबरा ओलांडतो त्याच्या पायगुणावर वर्ष जातं म्हणे. तो उंच हवा, काळ्या केसांचा हवा, हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की असं काहीतरी घेऊन यायला हवा. सोनेरी केसांचा माणूस दारात येणं वाईट, कारण तो व्हायकिंग असायचा, असं सांगतात. आजींनी माझ्या डोक्याकडे बघितलं. "उंची बेताचीच आहे, पण केस उत्तम आहेत. येशील का?"

पायगुण हा शब्द मला इंग्रजीत कधी सांगता आला नव्हता. त्या दिवशी सांगावाच लागला नाही.

तर ३१ तारखेला बारा वाजायला पाच मिनिटं असताना मी त्यांच्या दाराबाहेर उभा. एका हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोळसा, दुसऱ्या हातात शॉर्टब्रेडचा डबा. जिन्यात कडाक्याची थंडी, पायात चपला, कारण एकच मजला चढायचा म्हणून मी शहाणपणा केला होता. आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि आजींच्या पावलांचा. त्या दाराच्या पलीकडे येऊन थांबल्या होत्या. कान देऊन. मला एकदम अण्णा आठवले. दाराच्या ह्या बाजूला मी कधी उभा राहिलोच नव्हतो. रात्रभर गाडी हाणून येणाऱ्या माणसाला आतली ती चाहूल ऐकू येत असेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

ठोके पडले, दार उघडलं. आजी म्हणाल्या, "उशीर केलास." एक मिनिटही झालं नव्हतं.

पुढच्या वर्षापासून आम्ही त्यांना २५ तारखेला जेवायला बोलवायला लागलो. मुद्दाम वेळ सांगत नाही, "कधीही या" म्हणतो. त्या भलत्याच वेळी येतात, मग आम्ही जेवलेले असलो तरी पुन्हा पानं मांडतो. तुला ते विचित्र वाटतं, आईला वैताग येतो, मला फार बरं वाटतं. आणि दुपारी आजोबांना फोन लावतो तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते. ते पहिला प्रश्न हाच विचारतात: "आल्या का त्या वरच्या बाई?"

कोळशाचा तुकडा अजून तोच आहे. जानेवारीत आजी तो परत देतात, मी डिसेंबरात पुन्हा नेतो. सध्या तो मोज्यांच्या कप्प्यात आहे, तुझ्या चित्रकलेसाठी नाही, हात लावू नकोस. परवा आजींनी माझे कानशिलावरचे पांढरे केस बघून तोंड वाकडं केलं. जुनी माणसं बाईने पहिलं पाऊल टाकू नये म्हणायची, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "पोरीचे केस काळेच आहेत ना?"

तेव्हा ३१ तारखेला दुपारी झोपून घे. बाराला पाच कमी असताना जिन्यात उभं राहायचंय. चपला नकोत, बूट घाल.

तुझा,
बाबा