योसेमिटीला तंबू ठोकायचा, पण कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैच्या शेवटी सॅन होजेहून कॅलिफोर्नियातल्याच योसेमिटी नॅशनल पार्कला दोन-तीन रात्री जायचंय, सोबत पुण्याहून आलेले सत्तरीतले आई-बाबा आणि सहा वर्षांची मुलगी. मुख्य योसेमिटी दरीतलं अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंड, दक्षिणेकडचं वावोना, वरचं टुओलमी मेडोज की पार्कबाहेरचं एखादं स्वस्त ठिकाण?

दरीत जागा मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. मी हे देखाव्यासाठी सांगत नाहीये. देखावा कुठूनही गाडी काढून बघता येतो, खरा प्रश्न त्या गाडीचाच असतो. जुलैत दरीतलं पार्किंग सकाळीच भरतं आणि उशिरा येणाऱ्यांचा निम्मा दिवस रांगेत जातो. तुम्ही दरीतच झोपलात तर गाडी तंबूजवळ उभी राहते आणि फुकटची शटल बस सगळीकडे नेते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातली माणसं वेगळी होऊ शकतात. तुम्ही दोघं धबधब्यांकडे चढणाऱ्या मिस्ट ट्रेलला जा, आजी-आजोबा नातीला घेऊन नदीच्या वाळूत बसतील आणि दमले की बसने परत येऊन आडवे होतील. बाहेर राहिलात की एक जण दमला की सगळ्यांनाच परतावं लागतं.

दरीत गाडीने जाऊन राहण्याची ठिकाणं तीन: अप्पर, लोअर आणि नॉर्थ पाइन्स. अप्पर सर्वांत मोठं, त्यामुळे गजबजलेलं, पण जागा मिळण्याची शक्यताही तिथेच जास्त. लोअर आणि नॉर्थ नदीला लागून आहेत आणि जास्त छान आहेत. तिथे आवडनिवड करत बसू नका, मिळेल ते घ्या. एका साइटवर सहा माणसं चालतात, म्हणजे तुम्ही पाच जण आरामात मावता. कॅम्प फोर हे चौथं नाव कानावर येईल. ते गिर्यारोहकांचं तीर्थक्षेत्र आहे, अनोळखी लोकांसोबत साइट वाटून घ्यावी लागते आणि सामान पार्किंगपासून उचलून न्यावं लागतं. आई-बाबांना घेऊन नको.

जागांची एवढी मारामारी का? जानेवारी 1997 मध्ये दरीतून वाहणाऱ्या मर्सेड नदीला मोठा पूर आला आणि अप्पर रिव्हर, लोअर रिव्हर ही दोन कॅम्पग्राउंड गेली. ती पुन्हा सुरू झाली नाहीत. गर्दी मात्र काही कमी झाली नाही. पाइन्सचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला सकाळी सात वाजता उघडतं. 15 जुलै ते 14 ऑगस्टच्या तारखा 15 फेब्रुवारीला सुटतात आणि बघता बघता संपतात. सातच्या आधी बुकिंगच्या वेबसाइटवर लॉगिन करून, तंबूच्या जागांचे दोन-चार नंबर हेरून बसा. ती तारीख हुकली असेल तरी रद्द झालेल्या जागा येत राहतात. रोज सकाळ-संध्याकाळ बघा, विशेषतः सोमवार ते गुरुवारच्या रात्रींसाठी.

दुसरी पसंती वावोना. उंची दरीएवढीच, सुमारे 4,000 फूट, त्यामुळे रात्री फार गारठत नाही. दरीत पोचायला पाऊण तास ते तास लागतो. पण जायंट सिकोया या महाकाय वृक्षांची राई, मारिपोसा ग्रोव्ह, जवळ आहे आणि तिच्या सुरुवातीचा सपाट, सोपा रस्ता आई-बाबांना नक्की जमेल.

टुओलमी मला स्वतःला सगळ्यांत आवडतं. तरी तुम्हाला नको म्हणेन. उंची सुमारे 8,600 फूट. समुद्रसपाटीवरून चार-पाच तासांत तिथे पोचून लगेच झोपायचं म्हणजे डोकेदुखी, धाप, झोपमोड. शिवाय भर जुलैतही पहाटे हाडं गोठतात, आणि रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बाथरूमपर्यंत जाणाऱ्या माणसाचा विचार करा. दिवसा टायोगा रोडने वर चक्कर मारून या, टेनाया लेकवर डबा खा, संध्याकाळी खाली उतरा.

पार्कबाहेरच्या स्वस्त जागांचं म्हणाल तर नकाशावरच्या 'जवळ'ला भुलू नका. ओकहर्स्टहून दरीत यायला दीड तास, तेवढाच परत, तोही वळणावळणांचा. 140 नंबरच्या रस्त्याला मर्सेडकाठी साधी कॅम्पग्राउंड आहेत, अंतरही बरं आहे, पण उंची कमी असल्याने जुलैच्या दुपारी तिथे भट्टी असते. एप्रिल-मेमध्ये जरूर जा.

आणि एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही: दरीतलंच हाउसकीपिंग कॅम्प. तीन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, वर कॅनव्हासचं छत, आत पलंग आणि विजेचा पॉइंट. बाहेर स्वयंपाक करता येतो, म्हणजे खिचडी-पापडाची सोय झाली. करी व्हिलेजच्या तंबूंतही पलंग मिळतात, पण तिथे स्वयंपाकाला बंदी आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांना जमिनीवरून उठवण्यापेक्षा मी तरी थोडे जास्त पैसे मोजेन.

पार्कमध्ये कुठेही राहिलात तरी खाणं अस्वलांपासून वाचवणारा लोखंडी लॉकर वापरावाच लागतो. रात्री गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवायची नाही, नाहीतर अस्वल दार वाकवून उघडतं आणि वर दंडही होतो. यात चिवडा, लोणचं, मुलीच्या बिस्किटांचा पुडा तर आलेच, पण टूथपेस्ट, साबण आणि बाबांचं केसांचं तेलसुद्धा आलं. लॉकर साधारण 33 इंच रुंद, 45 इंच लांब आणि 18 इंच उंच असतो. मोठा कूलर न्यायचा असेल तर घरीच टेपने मोजून घ्या.