स्लो हिरोवर सामान खर्चावं का?

प्रश्न: एम्पायर्स अँड पझल्स या मोबाइल गेममध्ये मला अझलार हा लाल पाच-स्टार हिरो मिळालाय. सगळे म्हणतात स्लो आहे, सोडून दे. असेन्शनचं, म्हणजे हिरोला वरच्या टप्प्यावर न्यायचं सामान त्याच्यावर घालू का?

उत्तर: सगळ्यांचं ऐकू नकोस रे. स्लो म्हणजे माना (स्पेशल हल्ल्याची ऊर्जा) भरायला त्याच्या रंगाच्या 12 टाइल्स, फास्टला 8 लागतात, आता तीन-तीनच्या मॅचने मोज, फास्टला तीन मॅच आणि याला चार, म्हणजे फरक फक्त एका मॅचचा आणि त्या बदल्यात हा शत्रूच्या अख्ख्या टीमला एकदम हाणतो, वर जळणं चालूच राहतं. लाल हिरो दोन-तीन घेतलेस तर बोर्डवरच्या प्रत्येक लाल मॅचने त्या सगळ्या लाल हिरोंचा माना एकत्र भरतो, एकटा ठेवलास तर मात्र तो चार्ज व्हायच्या आधीच खेळ खल्लास.

मॅपवर तर मजाच, पहिल्या लाटांमध्ये माना भरून ठेवायचा आणि बॉस आला की फोडायचा, माना पुढच्या लाटेत तसाच राहतो ना. टायटन या मोठ्या राक्षसाशी लढायला नको नेऊस, तिथे शत्रूच एक, सगळ्यांना मारून काय उपयोग? डिफेन्सला पण माझं मत नाहीच, कोपऱ्यात बसून बिचारा बऱ्याचदा न फायर करताच मरतो.

तुझ्याकडे फास्ट लाल पाच-स्टार असेल तर आधी तो कर. नसेल तर बिनधास्त घाल सामान, आणि हिरव्या टीमवर घेऊन जा, लाल हिरव्याला भारी पडतो.