एफडी मोडून फियाट?

पत्र मिरजेहून आलंय. वय 55, खासगी कारखान्यात नोकरी, हातात महिना 70 हजार, निवृत्ती 58 व्या वर्षी, पीएफ 22 लाख. वडिलांची 1964 ची फियाट 1100डी त्यांच्या माघारी अकरा वर्षं शेडमध्ये उभी आहे. गॅरेजवाला म्हणतो, दिवाळीनंतर काम धरतो, थंडी संपेपर्यंत नव्यासारखी करून देतो, 6 लाख लागतील. वाचक विचारतात: "बँकेतली एफडी मोडू का? डिसेंबर 2022 पासून दरवर्षी अडीच लाख भरतोय, चौथा हप्ता या डिसेंबरात. त्यावर 25 लाखांचा विमाही फुकट आहे. गाडी पुढे लग्नांना भाड्याने देता येईल, नाहीतर 12-15 लाखांना सहज जाईल."

गाडीचं नंतर बघू. आधी ती एफडी, कारण ती एफडी नाहीच.

एफडीला दरवर्षीचा हप्ता नसतो, आणि हप्त्याच्या दहापट विमा कुठलीही बँक फुकट वाटत नाही. तुम्ही जोडलेल्या पावतीवर विमा कंपनीचं नाव आहे. बँकेच्या टेबलावर सही केली म्हणून पॉलिसी ठेव होत नाही. दरवर्षी अडीच लाख, असे 12 वर्षं भरायचे, 15 वर्षांनी 48 लाख. 30 चे 48 ऐकायला भारी वाटतं, पण व्याजाचा दर काढला तर वर्षाला जेमतेम 5 टक्के. साधं पीपीएफ 7.1 टक्के देतं.

दर कमी आहे हे एक वेळ सोडून देऊ. तुमचा बारावा हप्ता वयाच्या 63 व्या वर्षी येतो आणि पगार 58 ला थांबतो. मधले सहा हप्ते म्हणजे 15 लाख. ते पीएफमधूनच जाणार, म्हणजे 22 लाखांतले 7 उरणार. हा फॉर्म भरून घेणाऱ्या माणसाने तुमचं वय पाहिलं नसेल असं मला वाटत नाही.

आज 'मोडली', म्हणजे सरेंडर केली, तर? तीन हप्ते भरलेल्या या जुन्या नियमातल्या पॉलिसीत हमी 35 टक्क्यांची, म्हणजे साडेसात लाखांचे सुमारे 2.6 लाख. गॅरेजवाल्याचे 6 लाख त्यात कुठून येणार?

म्हणून सरेंडरची घाई नको. चौथा हप्ता भरू नका, बँकेचा ऑटो-डेबिट बंद करा, पॉलिसी पेड-अप होऊ द्या, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती कमी रकमेवर चालू राहील. विमा साधारण चौथाईवर येईल, पैसे मुदतीलाच मिळतील. पेड-अप केल्यास मुदतीला किती मिळतील, ते कंपनीकडून लेखी घ्या. 8 लाखांच्या आसपास आकडा आला तर ठेवा: आज हातात येणाऱ्या 2.6 लाखांवर 12 वर्षं साडेनऊ-दहा टक्के पडतात. 6 च्या खाली आला तर सरेंडर करून मोकळे व्हा.

शिवाय तक्रार करा. बँकेतल्या माणसाचा 'एफडी' लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश अजून असेल तर तो सोन्यासारखा जपा. आधी विमा कंपनीकडे लेखी. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, फी लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण साडेसात लाखांसाठी दोन अर्ज लिहायला हरकत नसावी.

आता फियाट. 12-15 लाखांचं स्वप्न कुणी दाखवलं? ही कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, तिच्याच वंशातल्या पद्मिनी मुंबईत 2023 पर्यंत टॅक्सी म्हणून धावल्या. दुर्मीळ म्हणावी अशी नाही. हौसेने नव्यासारखी करून विकणाऱ्याचा निम्मा खर्च निघाला तरी मी त्याला नशीबवान म्हणेन.

लग्नांचं भाडंही विसरा. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 चे केंद्रीय नियम आहेत: नोंदणी फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, पण गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. धंदा नाही. इंजिन, चासी, बॉडी मूळची हवी. त्यामुळे 'मारुतीचं इंजिन बसवू' म्हणणाऱ्या मिस्त्रीला दारातूनच परत पाठवा. आणि आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल, तर वारस म्हणून आधी ती तुमच्या नावावर करून घ्या.

पण गाडी गंजू द्या असंही मी म्हणत नाही. डिसेंबरच्या हप्त्यासाठी बाजूला काढलेले अडीच लाख आता तुमचेच आहेत. दीड लाख अडीनडीला ठेवा, एक लाख गाडीला. कोरड्या थंडीत पत्र्याचं काम खरंच चांगलं होतं. पावसाळी दमट हवेत उघडा पत्रा रात्रीत गंजतो. या थंडीत फक्त फ्लोअरचा सडलेला पत्रा, ब्रेकचे व्हील सिलिंडर, वायरिंग आणि पेट्रोलची टाकी. अकरा वर्षांच्या पेट्रोलचा टाकीत चिकटा झालेला असतो. जुने रबरी पाइप सगळे बदला, आताच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढे ते टिकत नाहीत. रंगाचं काम पुढच्या थंडीत, पगारातून उरलं तर. क्रोम त्याच्याही नंतर.

उचल म्हणून लाखातले 25 हजारच द्या, बाकी कामाप्रमाणे. आणि पॉलिसीचे सगळे कागद स्कॅन करून पाठवा, नुसती पावती नको.