डायनॅमो काढला, अल्टरनेटर बसवला. दिवा का मिणमिणतो?

प्रश्न : जुन्या अँबॅसॅडरला डायनॅमोऐवजी ४५ अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं नव्या धाटणीचं यंत्र) बसवला. हेडलाइट लावले की चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. अल्टरनेटर खराब असेल का? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लगेच बदलू नका. डायनॅमोच्या काळातली वायर जेमतेम २०-२२ अँपिअरच्या हिशेबाची. तिच्यात व्होल्टेज पडतं, दिव्याच्या दोन टोकांत फरक राहतो आणि तो मिणमिणतो.

इंजिन थोडं रेस करून, हेडलाइट लावून मल्टिमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लसवर (जाड वायर जोडायचं टोक), दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर १० चौरस मिमीची तांब्याची वायर थेट बॅटरीपर्यंत ओढा. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज हवाच. मग तशाच पिना अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि बॅटरीच्या मायनसवर धरून तपासा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नको. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी वरून ठीक दिसते, पण लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आतून हिरवा पडलेला असतो. घासून, पेट्रोलियम जेली लावून आवळा.

डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढलाय ना? तो राहिला तर बाकी सगळी मेहनत फुकट. चार्जिंगच्या दिव्याच्या जागी एलईडीही नको, अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. एवढं करूनही दिवा मिणमिणलाच, तर अल्टरनेटरमधले डायोड (एसी करंटचा डीसी करणारे भाग) तपासून घ्या.