‘अल्टर्नन्स’ म्हणजे ‘अनियमित’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: आईच्या ईसीजीवर ‘इलेक्ट्रिकल अल्टर्नन्स’ असा शेरा आहे, घरच्यांना ‘ठोके अनियमित आहेत’ असं सांगितलं तर चालेल का?

नाही चालणार. इथे ठोके सहसा वेळेवरच पडत असतात. गुलाबी चौकटींच्या त्या पट्टीवर नीट बघा: एक शिखर उंच, पुढचं बुटकं, परत उंच, परत बुटकं, दोन शिखरांमधलं अंतर मात्र तेवढंच. ‘अनियमित’ म्हटलं की ठोका चुकतोय असं वाटतं, आणि ते दुखणं वेगळं.

मराठीत यासाठी शब्द घडवायचीही गरज नाही. पाणी दिवसाआड येतं, हापूस वर्षाआड धरतो, तशी ही लाट ठोक्याआड बदलते. ‘दाराआड’सारखा दुसरा अर्थ डोकावू नये म्हणून ‘एका ठोक्याआड’ म्हणावं. ‘एकांतरण’ शास्त्रीय लेखनात आहे, पण कानाला आधी ‘एकांत’च ऐकू येतो. ‘आलटून-पालटून’ ढिला पडतो. त्यात दोन-दोनाची पाळीही बसते. ‘आड’ मात्र नेमका एकच सोडतो.

आणि तो नेमकेपणा इथे हवाच, कारण दुखण्याचा उलगडा त्यातच आहे. हृदयाभोवतीच्या पिशवीत बरंच पाणी साठलं की हृदय त्यात झोके घेतं. एका ठोक्याला ते छातीच्या भिंतीकडे येतं, पुढच्याला मागे जातं. एक झोका पुरा व्हायला दोन ठोके लागतात, म्हणून लाट एका ठोक्याआड लहान-मोठी.

कधी उंच शिखरामागून येणारी छोटी लाट, म्हणजे टी लाट, अशी एका ठोक्याआड बदलते. तिचं कारण निराळं. तिथे हृदय जागचं हलत नाही. बदल पेशींच्या आत असतो. ठोके जलद झाले की पेशीतला कॅल्शियमचा साठा पुढच्या ठोक्यापर्यंत पुरता भरत नाही, मग एकदा जास्त सुटतो, एकदा कमी. रक्तपुरवठा अपुरा असला किंवा लाँग क्यूटीचा विकार (यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो) असला तरी हे दिसतं, आणि त्यातून हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. पट्टीवरचा 1 मिलिमीटर म्हणजे 100 मायक्रोव्होल्ट. हा फरक कित्येकदा त्याहून बारीक असतो, तो संगणकालाच सापडतो.

कधी नाडीही एकदा जोरात, एकदा हलकी लागते, तेही ठोक्याआडच. जर्मन डॉक्टर लुडविग ट्राउबे यांनी 1872 मध्ये ते नोंदलं. पण तो हृदयाच्या जोराचा प्रश्न आहे, विजेचा नव्हे.

तेव्हा घरी असं सांगा: “ईसीजीत लाट एका ठोक्याआड बदलतेय. हृदयाभोवती पाणी आहे का, ते टूडी एकोत कळेल, आणि तो आजच करून घेऊ.”