नुसतं चालत गोष्ट उलगडायच्या गेमना पैसे का द्यावेत? यूट्यूबवर फुकट दिसतात की!

पैसे द्या. उत्तर एवढंच आहे. पण हेच उत्तर मी आमच्या घरात एका माणसाला गेली काही वर्षं देतोय, त्यामुळे इथं जरा लांबण लागणार.

तुमचं म्हणणं असं, की गॉन होम, फायरवॉच वगैरे गेममध्ये ना बंदूक, ना शत्रू, ना हरायची भीती. चालायचं, चिठ्ठ्या वाचायच्या, दोन-चार तासांत खेळ खलास. मग कोणीतरी खेळलेलं फुकट का बघू नये? आणि घ्यायचाच झाला तर पहिला कुठला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खाली कुठंतरी येईल. पहिल्यावरून माझं आणि माझ्या आतेभावाचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

आतेभाऊ खेळण्यात तरबेज आहे, त्याबद्दल वाद नाही. काउंटर-स्ट्राइकला मी त्याच्यासमोर अर्धा मिनिट टिकत नाही. एका दिवाळीत मी मिरजेला आत्याकडे गेलो होतो, तेव्हा सेलमध्ये गॉन होम घे म्हणून त्याच्या मागं लागलो. त्यानं घेतला, संध्याकाळी बसून संपवला आणि लगेच रिफंड टाकला. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा नियम माहीत असेलच: घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. रात्री जेवताना जाहीर केलं, "पिक्चरपेक्षा लहान आहे. रिकामं घर, कोणी नाही, भूतसुद्धा नाही. पैसे परत घेतले."

आत्या वाढत होती. तिनं विचारलं, "रिकामं का होतं?"

"बहीण गेलेली असते निघून. तिचं काहीतरी लफडं असतं."

"आणि आईबाप?"

"असतील कुठंतरी."

आत्याचं आयुष्य तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलंय. फेरफार, वारसनोंदी, खरेदीखतं. "असतील कुठंतरी" हे उत्तर तिला चालत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझा लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. (इथून पुढं गॉन होममधलं थोडं फुटणार आहे. बहिणीचं मी काही सांगत नाही, पण ज्यांना काहीच नको त्यांनी खाली इडिथ फिंच नावाच्या गेमपाशी यावं.)

आता एक गोष्ट गेम खेळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. एका हातानं चालायचं आणि दुसऱ्या हातानं मान वळवायची, हे ज्यानं कधी केलं नाही त्याला अजिबात जमत नाही. आत्या पहिल्यांदा भिंतीला नाक लावून उभी राहिली आणि नंतर छताकडं बघत राहिली. शेवटी वाटणी केली. कीबोर्ड माझ्याकडं, माउस तिच्याकडं. चालायचं मी, बघायचं तिनं. तिनं "थांब" म्हटलं की थांबायचं.

आणि ती सारखी थांब म्हणायची.

गोष्ट ७ जून १९९५ च्या रात्रीची, अमेरिकेतल्या ओरेगनमधली. बाहेर वादळ. केटलिन नावाची मुलगी वर्षभर युरोप फिरून घरी येते, तर दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी आणि आत कोणीच नाही. ती बाहेर असतानाच घरच्यांनी बिऱ्हाड या वाड्यात हलवलेलं, त्यामुळे घर तिलाही नवीन, आपल्यालाही नवीन. फुलब्राइट नावाच्या छोट्या चमूनं २०१३ साली हे केलं. माणसं मॉडेल करून हलवायला मनुष्यबळ लागतं, घर रिकामं ठेवलं की ते वाचतं. पण त्या नाइलाजातून त्यांनी जे काढलंय त्याला तोड नाही.

आतेभाऊ बहिणीच्या आवाजामागं धावला होता. ठरावीक वस्तू उचलल्या की तिची डायरी ऐकू येते, आणि ती ऐकत गेलं की शेवट येतो. कुठं जायचं हे आधीच ठाऊक असेल तर गेम मिनिटाभरात संपवता येतो, तसे विक्रम करणारे लोकही आहेत. आत्यानं मात्र डायरीकडं "मुलीचं कळलं" म्हणून दुर्लक्ष केलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "हे घर यांनी घेतलं की यांना आलं?"

मी तोवर हा गेम खेळून झालेला माणूस. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

घर आलेलं असतं. बापाच्या मामाकडून. मामाचं गावात औषधांचं दुकान होतं, शेवटी तो एकटाच राहायचा, आणि गावातली पोरं या वाड्याला वेड्याचं घर म्हणायची. आत्या म्हणाली, "भाच्याला का दिलं? बहीण होती की त्याची. बहिणीशी बोलत नव्हता का?" मग ती बापाच्या मागं लागली. बाप लेखक, कादंबऱ्या पडलेल्या, आता पोटासाठी स्टिरिओ आणि स्पीकरची परीक्षणं लिहितो. हातानं लिहिलेलं इंग्रजी तिला लागायचं नाही तिथं मी वाचून दाखवायचो. त्याच्या कादंबऱ्यांत नायक काळात मागं जातो, १९६३ सालात, केनेडींचा खून थांबवायला. आत्या म्हणाली, "केनेडी तेव्हा गेले ते खरं. पण हा पुन्हा पुन्हा तिथंच का जातो? याचं स्वतःचं त्या साली काय झालं होतं?"

तळघरात एक तिजोरी आहे. तिचा आकडा आत्यानं पहिल्या फटक्यात लावला. आत काय निघालं ते मी इथं लिहीत नाही, त्याचं कारण शेवटी. आत्यानं तो कागद मला दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "हे पूर्ण गेममध्ये कोणी तोंडानं बोलतच नाही?"

नाही म्हटलं.

"बरोबर आहे. असलं कागदावरसुद्धा सरळ येत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की दिसतं."

रात्री जेवताना तिनं पोराला विचारलं, "तिजोरीत काय होतं?" तो म्हणाला, "कुठली तिजोरी?" माझ्यापुरता वाद तिथं संपला. त्याच्यापुरता अजून चालू आहे.

तर यूट्यूब. व्हिडिओत नजर दुसऱ्याची असते. खेळणारा आतेभावासारखा पळणारा निघाला तर तुमचा बाप, मामा आणि तिजोरी तीनही गेले, आणि गेले हे तुम्हाला कळणारही नाही. डिअर एस्थरचं तर आणखी वेगळं. पोर्ट्समथ विद्यापीठात संशोधनाचा भाग म्हणून २००८ साली हाफ-लाइफ २ या गेमवर बसवलेला तो मॉड, म्हणजे दुसऱ्याचा गेम बदलून केलेला. २०१२ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. स्कॉटलंडच्या हेब्रिडीझमधलं एक ओसाड बेट, आणि चालण्याशिवाय काही करायचं नाही. दार उघडायचंही बटण नाही. पण कानावर पडणारे पत्रांचे तुकडे संगणक दरवेळी वेगळे निवडतो. तुम्ही ऐकलेली गोष्ट आणि व्हिडिओतल्यानं ऐकलेली गोष्ट तंतोतंत एक नसते.

आणि इडिथ फिंच. व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच, जायंट स्पॅरोचा, २०१७ चा. पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार यानं घेतला, समोर भले मोठे मारधाडवाले असताना. त्यात लुईस नावाचा तरुण मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला असतो. एका हातानं तुम्ही मासा ओढायचा, पात्याखाली धरायचा, मुंडकं उडवायचं, पुढं ढकलायचा. परत मासा. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं दिवास्वप्न सुरू होतं आणि त्यातला माणूस तुम्ही दुसऱ्या हातानं चालवायचा. स्वप्न हळूहळू मोठं होतं, शहरं येतात, राज्य येतं, पडदा व्यापतो. खाली मासे येतच असतात. थोड्या वेळानं तुमचं लक्षच नसतं आणि तरी तुमचा हात मुंडकी उडवत असतो. ज्यानं असेंब्ली लाइनवर शिफ्ट केलीय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हे यूट्यूबवर पाहिलं तर एक सुंदर ॲनिमेशन दिसतं. हाताला काही कळत नाही, आणि सगळी गोष्ट हातात आहे.

लढाई नाही म्हणजे खेळ नाही, हे बोलणाऱ्यांना मी हा एक प्रसंग खेळायला देतो. नंतर बोलू म्हणतो.

आता पैशाचं. दॅट ड्रॅगन, कॅन्सर नावाचा गेम आहे, २०१६ चा. एका जोडप्यानं आपल्या लहान मुलाच्या, जोएलच्या, कॅन्सरवर आणि मृत्यूवर काही सहकाऱ्यांसोबत केलेला. लाखो लोकांनी तो यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिला, रडले, कौतुकाच्या कॉमेंटी टाकल्या. बापाला काही आठवड्यांनी जाहीर लिहावं लागलं, की विक्रीतून आमच्या हातात अजून एक डॉलर आलेला नाही. आणि २०२१ मध्ये समर ऑफ फिफ्टी एट नावाचा छोटा भयगेम करणाऱ्यानं सांगितलं, की गेम दोन तासांच्या आत संपतो म्हणून लोक तो संपवून, वर चांगला अभिप्राय लिहून पैसे परत घेतात. म्हणून आपण हे काम अनिश्चित काळासाठी सोडतोय, असंही त्यानं जाहीर केलं.

मी हे आतेभावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "नियमात बसतं." त्यावर आत्या म्हणाली, "नियमात बसवून आमच्या कचेरीत काय काय व्हायचं ते सांगू का तुला?" तिच्या पुढं मला काही जोडायचं नाही.

(नियम वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. जुन्या लॅपटॉपवर गेम चालत नाही, चालला तर मान वळवली की चित्र अडकतं, अशा वेळी तोच नियम आपल्याला वाचवतो. मीही त्याचा उपयोग केलाय. शेवटची नावं पडद्यावर सरकून झाल्यावर पैसे परत मागणं वेगळं.)

पहिला कुठला? तुम्हाला संवाद आवडत असतील तर फायरवॉच. १९८९, वायोमिंगमधलं जंगल, वणव्यावर नजर ठेवायच्या टेहळणी मनोऱ्यात बसलेला हेन्री आणि वॉकी-टॉकीवरची डिलायला. उत्तर निवडायला वेळ मर्यादित असतो आणि गप्प राहिलात तर तेही उत्तर धरलं जातं. पहिली पाच-दहा मिनिटं, जिथं जवळजवळ नुसता मजकूर आहे, ती मला गेममधली सर्वांत भारी वाटतात. शेवट पोकळ आहे. हसायचं असेल तर द स्टॅनली पॅरेबल: निवेदक सांगतो डावीकडच्या दारातून गेला, तुम्ही उजवीकडून जा. डोकं चालवायचं असेल तर रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, लुकास पोपचा. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज माणसांविना परत आलंय आणि ६० जणांचं काय झालं हे तुम्ही विमावाले म्हणून नोंदवायचं. खलाशांत भारतातलेही आहेत. आत्यासाठी हा मी राखून ठेवलाय. आउटर वाइल्ड्सबद्दल काहीही वाचू नका, थेट घ्या.

या प्रकारात भुसाही भरपूर आहे, हेही सांगतो. धुकं, पियानो, मेलेली बायको आणि शेवटी "ते सगळं त्याच्या मनात होतं". असले गेम खरंच यूट्यूबवर बघा, किंवा बघूही नका. एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर दिसायला देखणा, पण चाल अशी संथ की लोक वैतागले. नंतर करणाऱ्यांनीच सांगितलं, की भरभर चालायचं बटण आहे, आम्ही फक्त ते कुठं लिहिलं नव्हतं. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, विशेषतः लहान मूल, तर इडिथ फिंच आत्ता नको. आत्यानं तो मध्येच बंद करायला लावला. आणि पहिल्यांदा खेळताना मळमळलं तर गेमला शिव्या देऊ नका. सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढवा, दिवा लावा, पडद्यापासून मागं सरका.

पैसे न देता चव बघायची असेल तर स्टुडिओ ओलिओमिंगसचे छोटे गेम इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर शोधा. वापीजवळच्या चाला गावातला स्टुडिओ आहे, म्हणजे आपल्या हद्दीच्या जरासा पलीकडं. वसाहतकाळ, खोट्या लेखकाची खोटी पुस्तकं, आणि रंग असे की पहिल्यांदा डोळे दिपतात. सगळं समजतं असं नाही. पुण्यात बनलेला राजी नावाचा गेम चांगला आहे, पण त्यात मारामारी आहे, म्हणून इथं धरला नाही.

राहिली तिजोरी. आतेभाऊ माझी उत्तरं वाचतो, म्हणून आतला मजकूर वर लिहिला नाही. रिफंड घेतल्यावर गेम त्याच्या लायब्ररीतून गेलाय, त्यामुळे उघडायची तर परत विकत घ्यावा लागेल. विकी वाचून आलास तर आत्या उलटतपासणी घेणार आहे, आणि त्या कामाचा तिला पगारी अनुभव आहे.