शंभरातला एक उचलला आणि काटा झुलू लागला

या वेळच्या पत्रांत चार प्रश्न एकाच घराण्यातले निघाले. भराभर येणारी सॅम्पल (सिग्नलची ठराविक अंतराने घेतलेली मापं) कमी कशी करायची, म्हणजेच डेसिमेशन. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण असा झुलणारा काटा मी स्वतःही एकदा बनवून बसलो आहे.

पहिलं पत्र: नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्यांचे क्रेट तोलायला लोडसेलचा (वजनाचा विद्युत सिग्नल करणाऱ्या सेन्सरचा) काटा बनवतोय. एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) सेकंदाला १००० सॅम्पल देतो. डिस्प्लेला १० पुरतात, म्हणून दर शंभरावं सॅम्पल ठेवतो, बाकीची सोडून देतो. क्रेट जागचं हलत नाही, तरी आकडा २० ग्रॅम वर, २० ग्रॅम खाली, अगदी सावकाश झुलतो. लोडसेल दोनदा बदलून झाला.

पहिला लोडसेल परत लावा, त्याचा काही दोष नाही. झुलवतेय ती ५० हर्ट्झची वीज. मृग बहराची संत्री संपत येतात तोवर नागपुरात कूलर सुरू झालेले असतात. कूलरच्या मोटरची आणि आसपासच्या तारांची गुणगुण लोडसेलच्या बारीक सिग्नलमध्ये शिरते.

आता तुम्ही सेकंदाला १० सॅम्पल ठेवता, म्हणजे दर दोन सॅम्पलांमध्ये गुणगुणीची बरोबर पाच आवर्तनं होतात. प्रत्येक वेळी ती त्याच टप्प्यावर सापडते आणि वजनात बेमालूम मिसळते. पण ग्रिडची वारंवारता ५० वर खिळलेली नसते. ४९.९ ते ५०.०५ ही तिची ठरवून दिलेली मर्यादा, आणि तेवढ्यात ती सतत सरकत असते. समजा ती ४९.९ झाली, तर फरक ०.१ हर्ट्झचा, म्हणजे १० सेकंदांना एक झोका. ४९.९५ झाली तर २० सेकंदांना. तुम्हाला दिसतो तो पाळणा हाच. यालाच एलियसिंग म्हणतात. एकदा सॅम्पल वगळली की ही गुणगुण ०.१ हर्ट्झची होऊन बसते, आणि खऱ्या वजनापासून तिला वेगळं करणारा फिल्टर कुठेच मिळत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. नव्व्याण्णव सॅम्पल फेकू नका, शंभरांची सरासरी काढा. शंभर मिलिसेकंदांत गुणगुणीची पाच पूर्ण आवर्तनं बसतात, वरचा भाग खालच्याला खाऊन टाकतो. ४९.९ ला सुद्धा ती साधारण पाचशेव्या भागावर येते. तुमचे २० ग्रॅम ०.०४ ग्रॅम होतील. बाजारात मिळणारी एचएक्स७११ ही चिप सेकंदाला १० च्या दराने ५० आणि ६० दोन्ही हर्ट्झ दाबते, ती याच हिशोबाने: शंभर मिलिसेकंदांत एकाची पाच, दुसऱ्याची सहा आवर्तनं. तिला घाईत ८० च्या दरावर टाकलं की हा फायदा जातो.

पण सरासरी म्हणजे रामबाण नव्हे. काट्याखाली पट्टा चालवणारी मोटर असेल आणि ती २३ हर्ट्झने थरथरत असेल, तर एका सरासरीने ती जेमतेम नवव्या भागावर येते आणि ३ हर्ट्झ बनून डिस्प्लेवर नाचते. एकामागे एक दोन सरासऱ्या लावल्या तर ऐंशीव्या भागावर. मात्र आकडा स्थिरावायला दुप्पट वेळ लागतो, आणि मागे माणूस दुसरं क्रेट घेऊन उभा असतो. तो हिशोब तुमचा तुम्हीच करा. आणि हो, या काट्यावर माल विकणार असाल तर वैध मापन शास्त्र विभागाच्या मुद्रेशिवाय तो वापरता येत नाही.

दुसरं पत्र: अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी करता येणाऱ्या चिपवर) सीआयसी फिल्टर (सॅम्पल कमी करणारा) लिहिलाय, तीन टप्पे, ६४ ने डेसिमेशन. सिम्युलेशनमध्ये इंटिग्रेटर सारखे ओव्हरफ्लो होतात. सर म्हणतात सॅच्युरेशन लाव.

लावू नकोस. सरांना घरच्या वीजमीटरचं उदाहरण दे. मागच्या महिन्यात मीटर ९९९४० होता, या महिन्यात ०००९०. मीटर उलटला, तरी वापर १५० युनिट हे आपल्याला कळतंच, कारण बिल वजाबाकीवर निघतं. तुझ्या फिल्टरमध्ये इंटिग्रेटर म्हणजे बेरीज करत जाणारा हा मीटर, आणि कोम (comb) म्हणजे ही वजाबाकी. सॅच्युरेशन लावणं म्हणजे मीटर ९९९९९ वर अडकवून ठेवणं. पुढच्या महिन्यापासून बिल शून्य.

अट एकच, दोन रीडिंगच्या मधे एका पूर्ण फेऱ्याहून जास्त युनिट जळता कामा नयेत. म्हणून रजिस्टरची रुंदी मोजून घ्यायची. ६४ म्हणजे ६ बिट, तीन टप्प्यांचे १८, अधिक इनपुटचे बिट. तुझं इनपुट +१ किंवा -१ असेल तर त्याचे २, म्हणजे २० बिट. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये (ऋण आकडे लिहिण्याच्या नेहमीच्या बायनरी पद्धतीत) साधी बेरीज लिहिलीस की उलटणं आपोआप होतं. यूजीन होगेनॉअर यांनी १९८१ साली ही रचना मांडली. तिच्यात गुणाकार एकही नाही, नुसत्या बेरजा-वजाबाक्या. म्हणून ती हार्डवेअरवाल्यांच्या इतकी आवडीची.

तिसरं पत्र: पीडीएम माइक (आवाज एकेका बिटाच्या वेगवान ओघात देणारा) ३.०७२ मेगाहर्ट्झवर चालवतो आणि तीन टप्प्यांच्या सीआयसीने थेट ४८ किलोहर्ट्झवर आणतो. आवाज गोधडीआडून आल्यासारखा येतो.

येणारच. सीआयसी वरच्या बाजूला, म्हणजे उंच वारंवारतांना, उतरती असते. तुमच्या रचनेत २० किलोहर्ट्झला जवळजवळ ८ डेसिबल जातात, १२ ला पावणेतीन. सीआयसीने १६ नेच भागा, १९२ किलोहर्ट्झवर थांबा. तिथे २० किलोहर्ट्झची घट अर्ध्या डेसिबलहून कमी. पुढचे दोन निमपट टप्पे हाफ-बँड फिल्टरने करा. त्याचे जवळपास निम्मे गुणांक शून्य असतात, त्यामुळे ते स्वस्तात होतं. माइकचा मॉड्युलेटर (आवाजाचे बिट बनवणारा भाग) चौथ्या क्रमाचा असेल तर सीआयसीचे टप्पे पाच करा, नाहीतर वरचा गोंगाट घडी पडून, म्हणजे एलियसिंग होऊन, खाली येईल.

चौथं पत्र: १२ बिटांच्या एडीसीच्या १६ सॅम्पलांची बेरीज केली तर खरंच १४ बिट मिळतात?

मिळतात, पण सिग्नलमध्ये शेवटच्या बिटाएवढा तरी गोंगाट हवा. शांत बॅटरी मोजलीत तर तोच आकडा सोळा वेळा येईल आणि सरासरीही तीच. बेरीज करून उजवीकडे दोनच बिट सरकवा, म्हणजे चारने भागा. बरेच जण सवयीने चार सरकवतात आणि कमावलेले दोन बिट तिथेच सांडतात.